टॅलेंट का मेहनत: आपल्या कामापुरतं हे कसं तपासायचं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर हा विषय अधनंमधनं निघतोच आणि दर वेळी दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते गड्यात मुळातच पाहिजे, नसलं तर कितीही घासा, काय उपयोग नाही. दुसरी म्हणते टॅलेंट बिलेंट काय नसतंय ओ, राबणारा वर येतोय. दोन्हीकडं उदाहरणं तयारच असतात, चहा संपतो, सगळे आपापल्या मशीनवर जातात आणि कुणाच्या कामात काडीचा फरक पडत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की सगळ्या जगासाठी हा प्रश्न सोडवायच्या नादाला लागू नका. तुमचं काम, तुमचं डोकं आणि तुमचा हात एवढ्यापुरता तो तपासता येतो, आणि ते लई अवघड नाही. मी आयटीआय आणि डिप्लोमाची पोरं हाताखाली घेऊन सीएनसीवर (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर) तयार करतो, त्यामुळं उदाहरणं मशीन शॉपची जास्त येणार, पण तुम्ही बँकेत असा नाहीतर कापडाच्या दुकानात, हिशोब तसाच लावायचा.

आधी कामाचे तुकडे पाडा

"मला अकाउंट्समध्ये गती आहे" किंवा "मशीन लाइन माझ्यासाठी नाहीच" असं सरसकट बोलणं बंद करा. नोकरी बाहेरून एक दिसते, आत सात-आठ वेगवेगळी कामं असतात. साधा ऑपरेटर घ्या. ड्रॉइंग वाचणं, जॉब (म्हणजे मशीनवर घडवायचा नग) चकमध्ये, त्याला धरणाऱ्या पंजात, नीट पकडणं, ऑफसेट देणं म्हणजे टूलचं माप मशीनला भरणं, मोजणं, इन्सर्ट (टूलची कापणारी पात) कधी फिरवायचा हे आवाजावरून ओळखणं, प्रोग्रॅममध्ये बारीक बदल करणं, आणि शिफ्ट संपताना पुढच्या गड्याला नीट सांगून जाणं (हे शेवटचं कुणी काम म्हणून धरतच नाही आणि निम्मं रिजेक्शन तिथंच होतं). अकाउंट्सवाल्याचं पण तसंच, एंट्री मारणं वेगळं, जीएसटीचं मॅचिंग वेगळं, पार्टीला फोन लावून गोड बोलून पैसे काढणं तर एकदम वेगळी कला. या सगळ्यात सारखाच तयार असलेला माणूस मी अजून बघितलेला नाही.

तर एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि आपल्या कामाचे तुकडे एकाखाली एक लिहा. लिहिताना "कम्युनिकेशन स्किल" वगैरे रेझ्युमेतले शब्द नकोत, काल प्रत्यक्ष काय केलं ते लिहायचं.

आता प्रत्येक तुकड्यासमोर एकच गोष्ट लिहायची, हे मला किती वेळा सांगावं लागलं, आणि शिकवलेल्या कामाच्या बाहेर मी ते आपणहून कुठं वापरलं का. माझ्या लेखी कामातलं टॅलेंट मोजायची पट्टी ही. कौतुक किती झालं, आवड किती आहे, शाळेत मार्क किती होते, हे सगळं बाजूला ठेवा.

शॉपमधलं एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. समजा बोअर, म्हणजे जॉबमधलं गोल भोक, आहे 52 एच7. म्हणजे माप 52.000 ते 52.030 मिलिमीटरच्या आत पाहिजे. कास्ट आयर्नचा जॉब, ड्राय कट (कूलंट न सोडता), मशीनमधून बाहेर काढला की तो गरम असतो. शॉपच्या तापमानापेक्षा 20 अंश जास्त गरम असला तर या मापाला बोअर साधारण 11 मायक्रॉन (0.011 मिलिमीटर) मोठा दाखवतो. गरम जॉबमध्ये बोअर गेज घातलं, आलं 52.008, पोरगं खूश, पास म्हणून ट्रेमध्ये ठेवलं. जॉब गार झाल्यावर तोच बोअर 51.997, म्हणजे अंडरसाइज, आणि हे कळतं कधी, तर तिकडं असेंब्लीत बेअरिंग बसत नाही म्हणून फोन येतो तेव्हा.

हे मी सगळ्यांना एकाच पद्धतीनं सांगतो, जॉब हातात देऊन, गरम माप आणि गार माप दोन्ही घ्यायला लावून. एखाद्याला एकदाच सांगावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतः विचारतो, मग बाहेरच्या व्यासाला पण तेच होत असणार की, आणि ॲल्युमिनियमला जास्त होत असेल का. (होतं, दुपटीपेक्षा जास्त.) दुसऱ्याला दोन-तीनदा सांगावं लागतं, मग त्या जॉबवर तो कधीच चुकत नाही, पण जॉब बदलला की पुन्हा पहिल्यापासून. तिसरा मान डोलावतो आणि विसरतो, त्याच्या मशीनवर चिठ्ठी चिकटवावी लागते, "जॉब गार करून मोज". महिन्याभरानं चिठ्ठी काढली तरी तो गार करूनच मोजतो, अंगवळणी पडलेलं असतं.

मोजण्याच्या या तुकड्यात पहिल्याला टॅलेंट आहे म्हणायचं. पण प्रॉडक्शनवर मला तिसरा पण तेवढाच चालतो, त्याचा जॉब परत येत नाही. पहिल्याला मात्र वर्षभर त्याच मशीनवर ठेवलं तर तो कंटाळून जातो आणि मग तोच चुका करायला लागतो, त्याला सेटिंगवर, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावून द्यायच्या कामावर, टाकावं लागतं. कोण भारी हा प्रश्न इथं येतच नाही, कुणाला कुठं उभं करायचं हा येतो.

पुढं असलेल्याला टॅलेंटवाला समजू नका

वही लिहिताना इथं घोळ होतो. ज्याच्या घरचंच लेथ मशीन आहे तो पोरगा पहिल्या दिवशी व्हर्नियर असा धरतो की बाकीचे बघतच राहतात. लगेच सगळे म्हणणार, रक्तातच आहे त्याच्या. अहो तो दहाव्या वर्षापासून वडिलांच्या वर्कशॉपमध्ये बुश मोजत बसलाय. शिवाजी पेठेतलं, मंगळवार पेठेतलं पोरगं फुटबॉलला कसं काय उपजतच तयार असतं, तर ते चालायला लागल्यापासून गल्लीत बॉल मारतंय आणि संध्याकाळी तालमीच्या टीमची प्रॅक्टिस कट्ट्यावर बसून बघतंय म्हणून. हुपरीच्या पोराचा चांदीवर बसलेला हात पण असाच.

म्हणून तुलना करताना "आज कोण पुढं आहे" हे बघू नका, "गेल्या दोन महिन्यांत कोण किती सरकलं" हे बघा. उलटं पण खरं आहे बरं का. आज तुम्ही मागं दिसताय ते कदाचित फक्त उशिरा सुरू केल्यामुळं असेल, डोकं कमी म्हणून नसेल.

दहा हजार तासांचं काय ते

हे कुणीतरी काढणारच म्हणून आधीच सांगून टाकतो. ॲन्डर्स एरिक्सन आणि त्यांच्या साथीदारांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन वाजवणाऱ्यांचा अभ्यास केला, तो 1993 मध्ये छापून आला. त्यात सगळ्यात चांगल्या गटाचा विसाव्या वर्षापर्यंत एकट्यानं केलेला सराव सरासरी दहा हजार तासांच्या आसपास होता. सरासरी. म्हणजे कुणी त्याच्यावर, कुणी खाली. पुढं लोकांनी त्याचं "दहा हजार तास भरा आणि उस्ताद व्हा" करून टाकलं. आणि एरिक्सन ज्याला सराव म्हणत होते तो पण साधा नव्हता, जिथं अडतंय तिथंच पुन्हा पुन्हा, लक्ष देऊन, गुरूच्या नजरेखाली ठरवून दिलेला सराव.

मग 2014 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं की माणसामाणसांतल्या फरकापैकी किती फरक अशा सरावामुळं समजतो. बुद्धिबळासारख्या खेळांत 26 टक्के, संगीतात 21, मैदानी खेळांत 18, शिक्षणात 4 आणि नोकरी-व्यवसायात 1 टक्क्यापेक्षा कमी. हे वाचून राबायचं सोडून देऊ नका लगेच. नोकरीत सराव म्हणजे नक्की काय हेच धड ठरलेलं नसतं, त्यामुळं तिथं मोजणंच अवघड. पण एक गोष्ट मात्र जगजाहीर आहे, बारा वर्षं त्याच टेबलवर बसलेला माणूस बारा वर्षांएवढा हुशार झालेला असतोच असं नाही. आपल्या प्रत्येक ऑफिसात एक नमुना सापडतो, नाव सांगायची गरज नाही.

मेहनत कशी लावायची

म्हणजे नुसते तास मोजून काय होत नाही. मेहनत कामाला यायची तर तीन गोष्टी लागतात. एका वेळी एकच तुकडा. चूक त्याच दिवशी डोळ्यासमोर आली पाहिजे. आणि ती दाखवणारा कुणीतरी पाहिजे.

तालमीत हे सगळं आपोआप असतं. गंगावेस घ्या, मोतीबाग घ्या, कुठंही पहाटे जाऊन बघा, वस्ताद कडेला बसलेले असतात, पोरं लढत असतात, मध्येच एक आवाज येतो आणि पकड जिथल्या तिथं थांबते. पाय चुकीचा पडला तर तो त्याच क्षणाला सांगितला जातो, संध्याकाळी रिपोर्टमध्ये नाही. ऑफिसात उलटं, चूक मार्चला केलेली असते आणि अप्रेझलला कळते. म्हणून नोकरीत वस्ताद स्वतः शोधावा लागतो. तो साहेबच असला पाहिजे असं काही नाही, तुमच्यापेक्षा चार वर्षं पुढं असलेला आणि तोंडावर बोलणारा माणूस बघा. त्याला "मला गाइड करा" असं म्हणू नका, कुणालाच वेळ नसतो. "ही एवढी एक गोष्ट बघता का, यात काय चुकलं" असं विचारा. दोन मिनिटांचं काम असलं की कुणी नाही म्हणत नाही.

आणि दिवसाच्या शेवटी वहीत चुका लिहायच्या, तीन खाने करून: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण हातून निसटलं, वेळ पुरला नाही. हे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि तिघांना वेगळं औषध लागतं. पहिल्याला शिकणं, दुसऱ्याला चिठ्ठी किंवा चेकलिस्ट, तिसऱ्याला काम करायचा क्रम बदलणं. सगळ्यांवर "अजून जास्त मेहनत घेईन" हे एकच औषध घेणारे लई आहेत, अभ्यासिकेत बसलेली एमपीएससीची पोरं तर विशेष. मॉक टेस्टमध्ये वेळ पुरत नाही म्हणून अजून एक पुस्तक विकत आणतात, आता पुस्तकानं वेळ कसा पुरणार?

खाशाबा जाधवांची गोष्ट आपल्याकडं सगळ्यांना माहीत असते पण त्यातली माझ्या कामाची बाजू कुणी सांगत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा गडी, आपल्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, 1948 ला लंडन ऑलिम्पिकला गेला तो मातीत तयार झालेला पैलवान म्हणून. मातीत पाठ लागली की विषय संपला. मॅटवर गुण, वेळ, नियम सगळंच निराळं, पायाखालची पकड सुद्धा निराळी. तरी सहावा आला. टॅलेंट होतं म्हणून सहावा, यात वादच नाही. पण 1952 ला हेलसिंकीत जे ब्राँझ आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, त्याच्यामागं नव्या नियमांच्या कुस्तीसाठी घातलेली मधली चार वर्षं आहेत. आहे ती चपळाई ठेवायची आणि जे अंगात नव्हतं तेवढंच वेगळं काढून त्यावर घाम गाळायचा, हे तंत्र कुठल्याही नोकरीत चालतं.

आणि तिसरी एक गोष्ट होती जी आपण हिशोबातच धरत नाही. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले असं सांगतात. मागं उभा राहणारा माणूस. वहीत शेवटी एक पान त्याच्यासाठी ठेवा: मी सहा महिने कमी पगारावर काही शिकायचं ठरवलं तर घर कोण चालवणार? ज्याला याचं उत्तर आहे आणि ज्याला नाही, त्या दोघांची मेहनत सारखी असली तरी निकाल सारखा लागणार नाही, मग उगाच स्वतःच्या डोक्याला दोष देऊ नका. हप्ते चालू असतील तर नोकरी सोडून शिकायचं धाडस करू नका, आठवड्याच्या सुट्टीला शिका, हळू होईल पण होईल.

कच्चा तुकडा किती पक्का करायचा

"आपल्या स्ट्रेंथवरच काम करा" असं सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. अर्धवट सल्ला आहे तो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळालं ते 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये. गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून, तिन्ही प्रकारे मारायचं आणि बेरीज एकच. फायनलला सुरुवातीला तो मागं होता, वर आला तो उभ्याच्या फेरीत, शेवटी 451.4. अशा खेळात एक पोझिशन आवडत नाही म्हणून सोडून देता येत नाही. तुमची नोकरी अशी आहे का ते आधी बघा. सेटर असाल तर मोजणं कच्चं ठेवून चालणारच नाही, तिथं पास होण्याएवढं तरी पक्कं करावंच लागतं. पण इंग्लिशमध्ये ईमेल लिहिणं कच्चं असेल तर चार नमुने तयार करून ठेवा आणि तो वेळ सेटिंगवर घाला. कच्च्या तुकड्याला पासिंगपुरतं न्यायचं, पक्क्या तुकड्याला शॉपमध्ये एक नंबरपर्यंत न्यायचं, असा माझा साधा नियम आहे.

निकालावरून मात्र स्वतःची किंमत ठरवू नका. आपला वीरधवल खाडे 2018 च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलला चौथा आला, ब्राँझ हुकलं सेकंदाच्या शंभराव्या भागानं. सोळाव्या वर्षी ऑलिम्पिक पोहलेला गडी. 0.01 सेकंदात टॅलेंट कमी पडलं का मेहनत, हे कोण सांगणार?

असलेलं टॅलेंटच गेलं तर

हे पण होतं, आणि आता जास्त होणार आहे. उद्यमनगरात जुने टर्नर असे होते की हातानं हँडल फिरवून फिनिश असा आणायचे की नख फिरवलं तरी कळू नये. सीएनसी आलं आणि त्या हाताची किंमतच गेली. काही जण चिडून घरी बसले. काही जणांनी मात्र एक ओळखलं, हाताचं काम गेलं पण कान शिल्लक आहे. कट चालू असताना आवाज बदलला की इन्सर्ट गेला, चकचा जॉ ढिला आहे, कास्टिंगमध्ये हार्ड स्पॉट आहे, हे त्यांना स्क्रीनकडं न बघता कळतं. ते आज चांगले सेटर आहेत, आणि मी स्वतः त्यांना विचारायला जातो.

अल्लादिया खाँसाहेबांचं असंच काहीसं. शाहू महाराजांच्या दरबारचे गवई, पण त्याच्या आधी अति गाण्यानं त्यांचा आवाज बसला होता. बराच काळ गळाच चालेना, आणि परत आला तो पहिल्यासारखा नव्हताच. गोड गळ्याच्या जोरावर गाणं आता शक्य नाही म्हटल्यावर जे हातात राहिलं होतं, लय, बुद्धी, अवघड रागांचा साठा, त्याच्यावर त्यांनी गायकी नव्यानं उभी केली आणि तीच पुढं जयपूर-अत्रौली घराणं म्हणून केसरबाई, मोगूबाई या गायिकांपर्यंत गेली. तर तुमच्या वहीतला सगळ्यात भारी तुकडा उद्या सॉफ्टवेअरनं खाल्ला तर दुसऱ्या नंबरला काय आहे, ते आजच अधोरेखित करून ठेवा.

कधी सोडायचं

एका तुकड्यावर, वस्तादाच्या नजरेखाली, चुका लिहून, असा सहा महिने प्रामाणिक प्रयत्न झाला आणि तरी वहीत तीच चूक त्याच खान्यात येत असेल तर तुकडा बदला. लाइन बदलायची गरज बहुतेक वेळा नसते. मशीनवर न रमलेली पोरं परचेसला, क्वालिटीला, मार्केटिंगला जाऊन नाव काढतात कारण ड्रॉइंग कळणारा मार्केटिंगवाला कस्टमरला सोन्यासारखा वाटतो. स्पर्धा परीक्षेचं मात्र वेगळं आहे, तिथं जागाच मोजक्या, त्यामुळं हुशार आणि कष्टाळू पोरं पण मोठ्या संख्येनं बाहेर राहणारच, हे गणितच आहे. तिथं किती अटेम्प्ट हे पहिला फॉर्म भरायच्या आधी घरच्यांसमोर ठरवून टाका, नंतर ठरवता येत नाही.

वहीची पानं भरली की साहेबाकडं जा, पण "मला प्रमोशन पाहिजे" म्हणून जाऊ नका. "सेटिंगमध्ये मला एकदा सांगितलं की जमतंय, या चार जॉबचं सेटिंग मी केलं, पहिलाच पीस पास आला, मला दोन महिने सेटरच्या हाताखाली द्या, प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह गेला तरी चालेल" असं नेमकं मागा. नेमकं मागितलं की नाही म्हणणाऱ्याला पण कारण द्यावं लागतं, आणि ते कारण तुमच्या वहीत जातं. मार्चमध्ये विचारू नका, डिस्पॅचच्या गडबडीत कुणी ऐकत नाही, एप्रिलचा दुसरा आठवडा बरा. आणि वहीचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे नाहीत, वही टेबलावर उघडून ठेवायची, फोटो कुणी झूम करून वाचत नाही.